तेवीस लाल पुठ्ठे

लॉरेन्स गेल्याचा निरोप वसईहून फिलोमिनावहिनींनी पाठवला, तेव्हा मी अल दुहैलच्या सिग्नलला उभा होतो. सिग्नल सुटला, मागची गाडी हॉर्न देत राहिली... त्याला आता सात आठवडे झाले. वाईट वाटलं, हे खरं. पण त्याआधी, क्षणभर, आता तो मला विचारणार नाही, असं मनात आलं. ते सांगितल्याशिवाय मला पुढचं लिहिता येणार नाही.

आमची ओळख चौदा वर्षांची. इथे आखातात, दुखानच्या तेलक्षेत्रावर तो कंपनीची कागदपत्रं सांभाळायचा, मी पाइपांची तपासणी करायचो. तिथला एक अमेरिकन इंजिनिअर मायदेशी परतताना पुस्तकांची अकरा खोकी त्याच्याकडे ठेवून गेला. अमेरिकेतल्या पहिल्या वसाहतींचे, लहान लहान गावांचे इतिहास, आणि असे इतिहास कोणत्या ग्रंथालयात आहेत ते सांगणाऱ्या जुन्या छापील सूची. लॉरेन्सला त्यांचं वेडच लागलं. "हे बघ, चाळीस घरांचं गाव. विहीर कोणी खणली, पहिला शाळामास्तर कोण, सगळं लिहून ठेवलंय. आमच्याकडे एवढी बावखलं, पण कुठलं तळं कोणी खोदलं विचार, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात." मग दर मे महिन्याच्या रजेत वसईजवळच्या आपल्या गावी जाऊन तो म्हाताऱ्या माणसांना विचारू लागला. एकोणीस जणांनी सांगितलेलं त्याने एका वहीत उतरवलं. त्यावरून गावाचा इतिहास लिहायचा, हे त्याचं निवृत्तीनंतरचं एकच काम ठरलेलं होतं. त्या एकोणिसांपैकी आज कोणी हयात नाही.

तो निवृत्त होताना इथल्या एका कॉलेजने इतिहासाची पुस्तकं घ्यायचं कबूल केलं. सूची मात्र नको म्हणाले, ती माहिती आता कॉम्प्युटरवर मिळते. लॉरेन्सने एकूण ४१३ पुस्तकांची यादी केली. शेवटची नोंद अशी होती: ग्रंथालय सूची, लाल पुठ्ठा, तेवीस खंड, रद्दीत. यादी माझ्या हातात देऊन म्हणाला, "इन्स्पेक्टर, एकेक उघडून ताडून बघ. तुझ्या पाइपांसारखं दुरून बघू नकोस."

"पाइप दुरून बघितला असता तर तू आज जिवंत नसतास."

"मग जवळून बघ. यल्ला, लाग कामाला."

पाइपांच्या ढिगातून आम्ही दहातला एक तपासतो. ते सगळे बरोबर निघाले की ढीग पास. मी इथेही तेच केलं. दर दहावं पुस्तक उघडलं. एक्केचाळीस झाली, एकही चूक नाही. तेवीस लाल पुठ्ठ्यांतले दोनच उघडले. यादीखाली 'सर्व तपासले' असं लिहून सही केली, आणि लाल पुठ्ठे आम्ही दोघांनी मिळून कॉम्पाउंडच्या शेडमध्ये रद्दीत नेऊन ठेवले.

वसईला पोचल्यावर पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. "अरे, माझी वही सापडत नाही. तीही मी त्याच बाइंडरकडून लाल पुठ्ठ्यात बांधून घेतली होती. सूचींमध्ये गेली नाही ना?"

"सगळे उघडून पाहिलेत मी," मी म्हणालो.

"खलास, मिटलं. मग घरातच असणार." त्याचा आवाज एकदम हलका झाला.

रद्दी तेव्हा शेडमध्येच होती की उचलून नेली होती, एवढं पाहायलाही मी गेलो नाही. गेलो असतो तर का गेलो, हे त्याला सांगावं लागलं असतं. पुढची दोन वर्षं तो घर शोधत राहिला. फोनवर हसत सांगायचा, "ट्रंका झाल्या, आता कपाट घेतलंय." वही मिळाल्याशिवाय इतिहासाचं पहिलं पानही लिहायचं नाही, असं त्याचं म्हणणं होतं. ते पान राहिलंच... आणि दर फोनला मी म्हणत होतो, मिळेल रे, इन्शाल्ला.

गेल्या शुक्रवारी वहिनींना फोन केला. त्यांना धाप लागली होती. "बोला भावोजी. ह्यांची वही शोधतेय. तुम्ही बघून दिलंय, म्हणजे ती घराबाहेर गेलेली नाही, असं शेवटपर्यंत म्हणायचे. आता फक्त माळा राहिलाय."

मी त्यांना सगळं सांगितलं. एक्केचाळीस, त्यातले लाल दोन, शेड.

"बरं," त्या म्हणाल्या. "शेजाऱ्यांची शिडी आणून ठेवलीय. ती परत देऊन येते."