फोटोशेजारचं नाव

ड्रॉइंगच्या बाईंचं एखादं वाक्य सोमवारी सुरू व्हायचं आणि बुधवारी संपायचं. सोमवारी संध्याकाळी खिडकीतून त्या मला म्हणायच्या, "अगं, भोपळ्याचे घारगे करताना..." तेवढ्यात आत काहीतरी पडायचं आणि बाई खिडकीतून नाहीशा व्हायच्या. बुधवारी मी कामावरून येताना दिसले की त्याच खिडकीतून, "गूळ आधी विरघळवून घ्यायचा." लग्न होऊन चौलला नवी आले तेव्हा मला याचं हसू यायचं. पुढे मीही त्यांची अर्धी वाक्यं मनात जपून ठेवायला शिकले.

बाईंचं घर आमच्या शेजारी, मधे सुपारीची एक रांग. हायस्कुलात बाई ड्रॉइंग शिकवायच्या आणि त्यांचे यजमान भूगोल. गावात ते नुसते 'सर'. निवृत्तीनंतर सरांना विस्मरणाचा आजार जडला. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरायचे, मग जेवलो का ते, मग माणसं. एकदा ते दुपारी घराबाहेर पडले ते थेट रेवदंड्याच्या खाडीवर गेले. मासे विकायला येणाऱ्या कोळीणकाकींनी त्यांना रिक्षात घालून परत आणलं. "मास्तर तुमचंच ना, बाय? खाडीवर बसलं व्हतं. होडी येनार हाय म्हनतात. आता होडी न्हाय, पूल हाय, सांगितला, तर आयकतच न्हाईत."

त्या दिवसापासून पुढच्या दाराला आतून कुलूप लागलं. चावी बाईंच्या गळ्यात, मंगळसूत्राशेजारी. कोंडलं होतं सरांना, पण आत दोघंही होती. बाजारहाट मी करायची, गोळ्या दूधवाला आणून द्यायचा. दत्ताच्या जत्रेचे भोंगे ऐकू आले की बाई विचारायच्या, "गर्दी आहे का गं?" मी म्हणायची, तुम्ही जाऊन या, मी बसते सरांजवळ. एकदा गेल्याही. सरांनी तेवढ्या वेळात रडून घर डोक्यावर घेतलं. ओळखत नसले तरी त्यांना बाई नजरेसमोर लागायच्या. त्यानंतर बाईंनी तो विषय काढू दिला नाही.

अलिबागच्या डॉक्टरांनी सुचवलं की जवळच्या माणसांचे फोटो आणि शेजारी त्यांची नावं अशी पानं भिंतीवर लावा. बाईंनी आधी हातानंच सुंदर पानं केली. सरांनी ती फाडली, एक तर चावून टाकलं. मग मुलानं, मंदारनं, बडोद्याहून येताना आपला जुना लॅपटॉप आणून दिला. पान फाटलं की पुन्हा छापायचं. मी शाळेच्या ऑफिसात टायपिंग करते, म्हणून शिकवायचं काम माझ्याकडे आलं. खिडकीच्या आत लॅपटॉप, बाहेर मी.

बाई मराठी टायपिंग पटकन शिकल्या. अडायचं ते फोटोपाशी. फोटो घातला की तो एखाद्या मोठ्या अक्षरासारखा ओळीतच अडकून बसायचा आणि मजकूर खाली ढकलला जायचा. फोटो डावीकडे आणि मजकूर त्याच्या शेजारी हवा असेल तर त्या फोटोवर क्लिक करायचं, बाजूला छोटी खूण येते ती दाबायची आणि 'स्क्वेअर' निवडायचं. मग अक्षरं फोटोला वळसा घालून शेजारी येतात. पण हे प्रत्येक फोटोला वेगळं करावं लागायचं, आणि मधेच सरांनी हाक मारली की एखादा फोटो राहून जायचा. "एकेका फोटोची किती समजूत घालू?" बाई वैतागायच्या. "मला घरात समजूत घालायला एक आहेत, तेवढे पुरेत!"

असाच एकदा एक फोटो राहिला. तो होता सरांच्या बहिणीचा, सुमनचा. ती तरुणपणीच वारली होती. तिचा फोटो ओळीत अडकला, तिचा मजकूर खाली सरकला आणि नेमका पुढच्या फोटोशेजारी जाऊन बसला. पुढचा फोटो बाईंचा. नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं छापून दिलेलं पान बाईंनी घाईत भिंतीला चिकटवलं आणि त्या सरांच्या चहाकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी ते वाचलं. बाईंच्या फोटोशेजारी लिहिलं होतं, 'ही सुमन. तुमची धाकटी बहीण. आता ती नाही.' सर फोटोकडे बघत राहिले, मग चहा घेऊन आलेल्या बाईंकडे. आणि एकदम हुंदके देऊन रडायला लागले. "सुमे, तू आहेस? मला सगळे खोटं सांगत होते गं!"

बाईंनी पान लगेच काढलं, पण सरांच्या डोक्यात ते पक्कं बसलं. एरवी सकाळचं नाव दुपारी विसरणारे सर हे मात्र विसरेनात. बाई त्यांची सुमी झाल्या. ते त्यांचा हात धरून बसायचे, आपल्या ताटातला माशाचा मधला तुकडा त्यांच्या ताटात ठेवायचे. "माझ्या बायकोला सांगू नकोस हं," असं कुजबुजायचे, "ती कडक आहे." बाईंनी मला हे हसत सांगितलं. मग म्हणाल्या, "इतकं मायेनं ते माझ्याशी कित्येक वर्षांत बोलले नाहीत. पण ती माया माझ्यासाठी नाहीये ना."

मला वाटलं, राहू दे की असंच. सर शांत तरी आहेत. पण खरी पंचाईत न्हाणीघरात झाली. बहिणीसमोर कपडे कसे काढायचे? सर दाराची कडी धरून उभे राहायचे. "सुमे, तू बाहेर हो. लाज नाही वाटत?" अंघोळ नाही, ओले कपडे बदलू देणं नाही. अंगाला पुरळ उठलं. ढकलाढकलीत बाईंच्या मनगटाला सूज आली. त्या दिवशी खिडकीशी येऊन त्या म्हणाल्या, "कधीकधी वाटतं, दार सताड उघडं टाकावं आणि मीच जाऊन खाडीवर बसावं." हे वाक्य मात्र त्यांनी एका दमात पूर्ण केलं.

रविवारी सर झोपल्यावर बाईंनी मला आत घेतलं. मी टायपिंगच्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये शिरले. फाईल, मग ऑप्शन्स, मग ॲडव्हान्स्ड. खाली जाता जाता कट-कॉपी-पेस्टच्या भागात फोटो कसा घालायचा अशी एक ओळ सापडली. तिथे 'इन लाइन विथ टेक्स्ट' होतं. ते बदलून 'स्क्वेअर' केलं आणि ओके दाबलं. "आता घाला फोटो." बाईंनी मंदारचा फोटो घातला. अक्षरं आपोआप शेजारी सरकली. त्यांनी सुमनचा घातला, स्वतःचा घातला, मग उगीचच वाडीतल्या जास्वंदीचा घातला. सगळे गुण्यागोविंदानं बसले.

"म्हणजे याला एकदा सांगितलं की कायमचं?"

"हो. आधी घातलेले फोटो मात्र हातानंच बदलावे लागतील. नवे सगळे असेच येतील."

बाईंनी आतल्या खोलीकडे पाहिलं. सर घोरत होते. "बरं आहे याचं," त्या म्हणाल्या आणि सगळी पानं पहिल्यापासून करायला बसल्या.

नवं पान लागलं तेव्हा मी तिथेच होते. सरांनी बोट ठेवून वाचलं, 'ही सुधा. तुमची बायको. ही रोज इथेच असते.' त्यांनी बाईंना न्याहाळलं. आज सुमी नव्हती; सुधा होती की नाही, कोण जाणे.

"बाई, तुम्ही रोज इथेच असता?"

"हो."

"कंटाळा नाही येत?"

"येतो."

सरांनी विचार केला. "मग जरा बाहेर जाऊन यावं माणसानं."

बाई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. सरही हसले. मग बाईंनी टॉवेल पुढे केला आणि सर मुकाट्यानं त्यांच्यामागून न्हाणीघरात गेले.

मंदार दर खेपेला पनवेलच्या एका वृद्धाश्रमाचं नाव काढायचा. बाई म्हणायच्या, "तिथे यांना कोण सांगणार, कोण कोण आहे ते?" हे असं आणखी दोन पावसाळे चाललं. थंडीत सरांच्या छातीत कफ झाला आणि आठवड्यात ते गेले. मंदार बाईंना बडोद्याला न्यायला आला. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी बाई आमच्या अंगणात आल्या आणि म्हणाल्या, "स्कूटर आहे ना तुझी? काशीदच्या समुद्रावर ने मला."

तिथे त्या पूर्वी शाळेच्या मुलांना चित्रं काढायला नेत असत. आम्ही सुरूच्या सावलीत बसलो. थोड्या वेळानं बाई घाईनं उठल्या, साडीची वाळू झटकत म्हणाल्या, "चल, चल, उठले असतील..."

बाई तशाच उभ्या राहिल्या, हातात पदर धरून. मग त्यांनी चपला काढून माझ्याजवळ ठेवल्या. "पाण्याकडेनं जरा जाऊन येते. तू बस."

त्या किनाऱ्यानं चालत निघाल्या. घोडेवाल्यांच्या पलीकडे गेल्या, नारळपाण्याच्या टपऱ्यांच्या पलीकडे गेल्या, जिथे कोणीच नव्हतं तिथे गेल्या. उन्हात त्यांची साडी एवढीशी दिसायला लागली, मग तीही दिसेना. मी हाक मारली नाही, त्यांच्या चपला सांभाळत बसून राहिले.