नोरीनच्या बहिणीची नोटीस

"तीच ती. नोरीनकडे वरच्या खोलीत राहते. तिनेच आधी ऐकलं होतं."

रांगेत माझ्या मागे दोन म्हातारे उभे होते, त्यातला एक दुसऱ्याला हे कुजबुजत सांगत होता. आयर्लंडमधली कुजबुज म्हणजे पुढच्या चार माणसांना व्यवस्थित ऐकू जाते. मी वळून पाहिलं नाही. एनिसच्या फ्यूनरल होममधली ती रांग दारातून निघून पार कार पार्कपर्यंत गेली होती, आणि माझ्या पुढे अजून तीसेक माणसं होती. तेवढ्या वेळात मी मनात सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून लावून पाहिलं. तेच इथे लिहितेय.

या पानावरचे अनुभव मी बरेच दिवस नुसते वाचत आलेय, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांवर मनातल्या मनात हसत. माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. बाबा केमिस्ट्रीचे शिक्षक, आणि मी सॉफ्टवेअर टेस्टर — एखादी गोष्ट खरंच घडली का, हे तपासायचाच मला पगार मिळतो. पुण्याहून इथे येऊन सात वर्षं झाली. ऑफिस शॅननला, आठवड्यातले दोन दिवस घरून काम. घर म्हणजे एनिसला नोरीनच्या घरातली वरची खोली. नोरीन सत्तरीच्या, विधवा. इंग्रजीत सगळेच 'यू', पण माझ्या डोक्यात त्या कायम अहो-जाहोच राहिल्या.

इथल्या लोकल रेडिओबद्दल आधी सांगायला हवं. नऊच्या बातम्यांत काय असतं? अमुक रस्त्यावर गायी आल्यात, सांभाळून चालवा. तमुक गावात पांढऱ्या पायांचा कुत्रा हरवलाय, नावाने हाक मारली तरी येत नाही. तीन दिवस पाऊस पडला नाही, म्हणून पाणी जपून वापरा. (ज्या देशात माझा टॉवेल सात वर्षांत एकदाही धड वाळला नाही, त्या देशात!) आणि मग, त्याच मायाळू आवाजात, कोण कोण गेलं त्याच्या नोटिसा. नाव, माहेरचं आडनाव, कुठे गेले, कुणाच्या सोबतीत गेले, मागे कोण कोण आहे, दर्शन किती ते किती. आईला फोनवर हे पहिल्यांदा ऐकू आलं तेव्हा ती म्हणाली होती, "सकाळी सकाळी हे काय लावून बसतेस गं? रामरक्षा लाव."

पण इथे हे ऐकावंच लागतं. ओळखीच्या माणसाच्या फ्यूनरलला गेलं नाही तर ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवलं जातं. नोरीन त्या वेळी मागच्या अंगणात कोंबड्यांपाशी असतात. त्यामुळे मी घरून काम करते त्या दिवशी नोटिसा ऐकून पाकिटाच्या मागे लिहून ठेवायचं काम माझं. त्या आत येतात, बूट काढता काढता विचारतात, "कोण गेलं?" मी वाचून दाखवते. मग त्या ठरवतात — याला जायचं, याला नुसतं मास कार्ड (चर्चमध्ये प्रार्थना सांगितल्याचं) पाठवायचं, आणि हा मेला ते एक बरं झालं.

मार्चमधला गुरुवार होता. मी पोळीचा डबा काढायला प्रेस उघडलं होतं. (म्हणजे कपाट. सात वर्षांत माझंही प्रेसच झालंय.) नोटिसा सुरू झाल्या. त्या दिवशी एकच होती. तेरेसा डेलाहंटी, माहेरच्या हेहिर, किलकेनी, मूळच्या एनिसच्या. शांतपणे, बहीण नोरीन शेजारी असताना. मागे मुलगा डेक्लन, सून, नातवंडं. दर्शन शुक्रवारी, एनिसला, पाच ते सात.

मी ते लिहून घेतलं. 'नोरीन'पाशी माझा हात अडला नाही, कारण इथे दर तिसरी बाई नोरीन असते. नोरीनना बहीण आहे हे मला माहीतच नव्हतं. सात वर्षांत त्यांनी तिचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

त्या आत आल्या. कोण गेलं विचारलं. मी वाचलं.

एक बूट पायात, एक हातात, अशा त्या खुर्चीवर बसल्या. पाकीट घेऊन स्वतः वाचलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "ही माझी बहीण. पण मी तर इथे आहे."

नंतर तासाभरात, तुकड्यातुकड्यांनी, मला कळलं. अकरा वर्षांपूर्वी त्यांची आई गेली. नोरीन तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला इंग्लंडमध्ये होत्या, पोहोचेपर्यंत सगळं तेरेसानेच केलं. रेडिओवर नोटीस वाचली गेली, तिच्यात तेरेसा होती, जावई होते, आईला सांभाळणारी नर्सही होती. नोरीनचं नाव नव्हतं. सगळ्या गावाने ते ऐकलं. नोरीननी बहिणीला कधी विचारलं नाही, बहिणीने कधी सांगितलं नाही. दोघी त्यानंतर बोलल्याच नाहीत.

"आणि आता मरताना मला शेजारी बसवते," त्या म्हणाल्या. रागाने म्हणाल्या, पण पाकीट त्यांनी खाली ठेवलं नाही.

मला वाटलं, मुलाने आईची लाज राखायला तसं लिहिलं असेल. नोरीनकडे किलकेनीचा फोन नंबर नव्हता, आणि मोटरवेवर त्या गाडी चालवत नाहीत. मी ऑफिसला फॅमिली इमर्जन्सी कळवली, आणि टाइप करताना फॅमिली हा शब्द मला खोटा वाटला नाही. त्यांनी काळा कोट घातला, मास कार्ड घेतलं, ॲपल टार्ट घेतला. अडीच तासांत त्या फक्त एकदा बोलल्या, लिमरिकच्या पुढे: "तिला टार्ट आवडायचा नाही."

किलकेनीला घराबाहेर एकही गाडी नव्हती. बेल वाजवली. दार उघडलं ते नोरीनसारख्याच हनुवटीच्या, पण खूप वाळलेल्या एका बाईंनी. त्यांनी काळा कोट पाहिला, कार्ड पाहिलं, टार्ट पाहिला.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"तू," नोरीन म्हणाल्या.

मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. तेरेसांनी नोरीनच्या हातातला टार्ट घेतला. मग म्हणाल्या, "बरं. मग चहा घेऊनच जा."

मी गाडीत थांबते म्हटलं, पण मला ओढून आत बसवलं. तिसऱ्या कपाला तेरेसांनी सांगितलं की पोटात गाठ आहे, डॉक्टरांनी फार आशा दिलेली नाही, मुलगा कॅनडात, त्यालाही अजून सांगितलेलं नाही. चौथ्या कपाला, कुणीही न विचारता, त्या म्हणाल्या, "त्या दिवशी रेडिओला नोटीस सांगताना फोनवर मी रडत होते, नोरीन. तुझं नाव मी सांगितलं असंच मला वाटत होतं. रेडिओवर ऐकलं तेव्हा कळलं, आणि मग तुला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही." नोरीननी टार्टचा एक तुकडा कापून बहिणीपुढे ठेवला. तेरेसांनी तो संपवला.

मी एकटीच एनिसला परतले, कारण नोरीन तिथेच राहिल्या. कोंबड्या माझ्याकडे आल्या.

त्याच आठवड्यात मी रेडिओ स्टेशनला फोन केला. अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं तर मी आधी वाक्यं लिहून काढते; या वेळीही काढली. तिथली मुलगी फार गोड बोलली, पण त्या गुरुवारी एकही नोटीस नव्हती, असं तिने दोनदा पाहून सांगितलं. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग त्यांच्या साइटवर होतं, तेही मी ऐकलं. त्या मिनिटांना ट्रॅक्टरच्या टायरची जाहिरात आहे. मी झोपेत नव्हते. पाकीट माझ्याच अक्षरात आहे.

जूनच्या सुरुवातीला तेरेसा गेल्या. आईशेजारीच पुरावं, म्हणून त्यांना एनिसला आणायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी, गुरुवारीच, मी स्वयंपाकघरात उभी राहून नोटिसा ऐकल्या. पाकीट बिस्किटांच्या डब्यातून काढून समोर धरलं होतं. शब्द तेच, क्रम तोच. शुक्रवारी, पाच ते सात.

तुम्ही म्हणाल, नोरीननी ही गोष्ट अर्ध्या क्लेअर काउंटीला सांगितली होती, मुलाने तसंच लिहून दिलं असेल. असेल. डेक्लनला मी विचारलं. तो म्हणाला की पाकिटाबद्दल त्याने त्या दिवशीपर्यंत काही ऐकलं नव्हतं, पण दुःखात माणसाला काय आठवतं? तेही सोडून देऊ. मला मार्चमधला गुरुवार समजावून सांगा. आमच्या कामात एखादी चूक पुन्हा घडवून दाखवता आली नाही की तिची नोंद बंद करतात. ही तर पुन्हा घडली, शब्दशः. माझ्याकडे तिचं स्पष्टीकरण अजूनही नाही.

रांग सरकली. मागचे दोघे आता गवताच्या भावावर आले होते. इथे जवळच्या माणसांचा हात हातात घेऊन 'सॉरी फॉर युअर ट्रबल' म्हणायचं असतं, बस्स. सात वर्षांत मी ते कधीच मोठ्याने म्हटलेलं नाही. नुसते ओठ हलवते आणि पुढे सरकते. नोरीन पहिल्याच खुर्चीवर होत्या, तोच काळा कोट. त्या आठवडाभर किलकेनीच्या हॉस्पिटलमध्येच होत्या, तिथे आमचा रेडिओ लागत नाही. नोटीस त्यांनी ऐकलेली नव्हती, आणि कुणाला विचारणाऱ्यांतल्या त्या नाहीत.

मी त्यांचा हात धरला. नेहमीचं वाक्य आलंच नाही. मागे चाळीस माणसं ऐकत होती, तरी मी बोलले.

"नोरीन, काल सकाळी रेडिओवर तेरेसांची नोटीस वाचली. तुमचं नाव सगळ्यात आधी होतं."