पदराखालून दिसलेले तीन दांडे

लग्नाला दीड वर्ष झालं तरी मी सासऱ्यांशी एक शब्द बोलले नव्हते. आमच्याकडे तशी रीतच होती. त्यांना पाणी हवं असलं की ते भिंतीकडे बघून सांगायचे आणि मी भिंतीच्या वतीने तांब्या नेऊन ठेवायचे.

सासरे बदनापूरजवळच्या एका बागायतदाराच्या जीपवर ड्रायव्हर होते. मागे मोसंबीचा ट्रेलर जोडून ते जालन्याच्या बाजारात जायचे. माहेरी जाता-येता मीही त्याच जीपमध्ये मागच्या बाकड्यावर, पदर घेऊन, मान खाली घालून बसायचे. मान खाली घातल्यावर दिसणार काय? त्यांच्या सीटजवळचे तीन दांडे. मोठा गिअरचा. लहान दोघांपैकी एक ओढला की पुढची चाकंही ओढायला लागायची, दुसऱ्याने वेग कमी होऊन ताकद वाढायची. चिखल संपून पक्का रस्ता आला की दोन्ही परत जागेवर, नाहीतर वळताना स्टेअरिंग जड. जीप मी अशी पदराखालून शिकले.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. जालन्याच्या एका शाळेत मास्तरणीच्या जागेसाठी माझी मुलाखत होती, सकाळी अकराला. अर्ज सासऱ्यांनीच आणला होता. सासूबाई म्हणाल्या, "पुरुषांपुढं हिचं तोंड उघडत न्हाई, तिथं साहेबांपुढं काय बोलंल?" नियम त्यांचा आणि खोट माझ्यात! राग आला, पण भीतीही तीच होती.

मुलाखतीला मी त्यांच्याच जीपने निघाले. आदल्या दिवशी खूप पाऊस झाला होता. नाल्याच्या काळ्या चिखलात ट्रेलर रुतला. सासऱ्यांनी दोन्ही लहान दांडे ओढले, जीप गुरगुरली आणि ट्रेलर बाहेर आला. पण घड्याळ बघण्याच्या नादात डांबरी रस्त्यावर त्यांनी एकच दांडा परत जागेवर नेला. पुढच्या चाकांचा तसाच राहिला.

मला दिसत होतं. मी गप्प.

वळणावर स्टेअरिंग जड यायला लागलं. "पंक्चर तं न्हाई?" म्हणत ते उतरले, चाकं ठोकून पाहिली. पुन्हा निघालो, पुन्हा थांबले. या वेळी ट्रेलरचा जोड तपासला. साडेदहा होत आले. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि तो माझ्यासाठी होता, मोसंबीसाठी नव्हे. मला राहवेना.

"मामा," मी म्हणाले, "पुढच्या चाकांचा दांडा राहिलाय."

त्यांनी दांड्याला हात घातला. तो हलेना. मग ट्रेलर वाकडा होऊ न देता त्यांनी जीप बेताने दोन हात मागे घेतली, तशी चाकांची ओढ सैल झाली आणि दांडा अलगद सुटला.

मागे न बघताच त्यांनी विचारलं.

"कधीपासून दिसून राह्यलं तुला?"

"नाल्यापासून."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमच्यापुढं कसं बोलू?"

त्यांनी गिअर टाकून जीप पुढे काढली. "चूक माझी हाय," ते म्हणाले. "दांड्याची बी अन् याची बी."

मी अकराला पाच मिनिटं असताना पोचले. टेबलामागे तिघे साहेब होते. पहिल्या प्रश्नाला आवाज कापरा निघाला, पण निघाला. नोकरी लागली.

पुढच्या बाजारच्या दिवशी सासरे अंगणात जीप चालू करून नुसतेच बसले होते. ओट्यावर सासूबाई होत्या, शेजारच्या दोघी होत्या, दारात मी.

"सूनबाई," त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "दांडे बराबर हायत का?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. सासरे माझ्या उत्तरासाठी थांबले होते.

"हाव, मामा," मी म्हणाले. "बराबर हायत."

मग त्यांनी गाडी काढली. जीपवरची त्यांची नोकरी सुटेपर्यंत ते हे विचारल्याशिवाय कधी निघाले नाहीत. आमच्या दारातून दांडे दिसत नाहीत, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.