साबणानं बंद केलेली गंगा

डायवरकी मी शेटच्या गाडीवर शिकलो. शेट म्हणजे शहापूरचे भातगिरणीवाले. गाडी त्यांनी मुंबईहून जुनीच घेतली होती, कापडी टपाची. आली तेव्हाच म्हातारी होती. चढ लागला की तापायची, आणि तापून बंद पडली की लवकर उठायची नाय. माझी शाळा चौथीत सुटली, पण त्या गाडीचं दुखणं मला तोंडपाठ होतं. माझी बायको गेल्या वर्षी गेली. त्या गाडीची एक गोष्ट तिला सांगायची राहिली, म्हणून आता कागदाला सांगतो.

लढाईची वर्षं होती, वैशाखाचा महिना. बायकोचं माहेर म्हसा गावाजवळ. तिकडून माणूस सांगावा घेऊन चालत आला, की आये शेवटच्याला आली हाय, असशील तशी ये. सासूचं जन्मभर एकच मागणं होतं, मरताना तोंडात गंगा पडावी. आमच्या शेतकऱ्याच्या घरात गंगा कुठली असणार. पण शेटच्या आई काशी करून आल्या होत्या. मावंद्याच्या जेवणाला गंगेचे गडू वाटले, त्यातला एक उरला होता. मुठीएवढा तांब्याचा गडू, तोंडाला कथलाचा डाग देऊन बंद केलेला. तो त्यांनी बायकोच्या पदरात घातला. शेट मला म्हणाले, "गाडी घेऊन जा रे. उद्या सकाळी गिरणीवर पायजे."

किन्हवली मागं टाकली, काळू नदी ओलांडली. नदीत उन्हाळ्याचं पाणी म्हणजे खडकातले दोन डोह. पल्याडचा चढ अर्धा चढलो आणि पुढून वाफ निघाली. गाडी दोन आचके देऊन बंद पडली.

बायको मागच्या सीटवर, मांडीत फडक्यात गुंडाळलेला गडू. म्हणाली, "तापली का तुमची सवत?"

"सवत तुझी, माझी कशी असंल?"

"रोज तिलाच पुसता, तिलाच पाणी पाजता. माझं कवा बघितलंत?"

आई मरायला टेकलेली आणि ही मला हसवत होती. घाबरली की ती अशीच बोलायची.

चाकांखाली दगड लावले. पंचा टाकून रेडीटरचं झाकण सोडलं. फॅनचा पट्टा सैल झाला होता, तो ताणला. खालची रबरी नळी गळत होती, तिला चिंधी आवळली. तापलेल्या लोखंडावर गार पाणी ओतलं तर ते तडकतं, म्हणून दम धरला. मग डब्यातलं पाणी थोडं थोडं घातलं. सगळं पाणी ती पिऊन बसली, तरी भरेना.

बायको रिकामा डबा घेऊन उतरली. गडू सीटवर ठेवला. "नदीवर जाऊन येते," म्हणाली. मग थांबली. "आये थांबंल ना?"

"थांबंल. तू चाल."

ती गेली आणि मी हँडल मारायला लागलो. इंजिन पकडेना. प्लगची वायर काढून बघितली, ठिणगी चांगली निळी. मग पेट्रोलच्या नळीचं नट सैल केलं. आतून नुसती हवा फुसफुसली, पेट्रोलचा थेंब नाय. तिथं मला कळलं. नळी इंजिनाच्या अंगाला लागून गेलेली, त्या आचेनं आतल्या पेट्रोलची वाफ झाली होती. त्याला औषध दोनच. गप बसून राहायचं, नायतर नळीला ओलं फडकं गुंडाळायचं. फडकं होतं. पाणी नव्हतं.

पाणी सीटवर होतं.

सासूसाठी घाई होती म्हणून केलं, असं मी खूप वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं हाय. हँडलनं तळहात सोलले होते, ऊन डोक्यात गेलं होतं, आणि ते यंत्र मला हरवत होतं. त्याचा राग होता. स्क्रू पिळायच्या डिसमिसनं मी गडूचा डाग उचकटला. पंचा नळीला गुंडाळला आणि गंगा त्याच्यावर ओतली. चर्र झालं. दुसऱ्या हँडलला इंजिन उठलं.

मान वर केली तर बायको चढावर येत होती, डोक्यावर भरलेला डबा. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, धावली असणार. विडी ओढण्याएवढा वेळ थांबलो असतो तर काय बिघडत होतं.

"उठवलीत?" ती म्हणाली. चेहरा असा उजळला की मला बघवेना.

इंजिन चालू ठेवून रेडीटर भरला. डब्याच्या तळाला थोडं पाणी राहिलं. हातब्रेक ओढून मी म्हटलं, "दगड काढ गो चाकाखालचे." ती मागं वाकली तेवढ्यात मी काळूचं पाणी गडूत भरलं. आता तोंड बंद कशानं करायचं? पेट्रोलची टाकी गळली तर लावायला डायवर धुण्याचा साबण जवळ ठेवतो. तो मळून तोंडात दाबला, वरून ग्रीसचं बोट फिरवलं, फडक्यात पुन्हा गुंडाळून ठेवला.

सासू जित्ती होती. बायको तिच्या उशाशी बसली, डोकं मांडीवर घेतलं. गडूच्या तोंडाला नख लावलं आणि थांबली. नखात पांढरा साबण आला होता. तिनं तो बघितला. माझ्याकडं नाय बघितलं. नख लुगड्याला पुसलं, सगळं तोंड कोरून साफ केलं, आणि म्हणाली, "आये, गंगा आणली गो. घे."

दोन पळ्या गेल्या. सासू म्हणाली, "गोड हाय." दिवेलागणीच्या आत संपली.

बायकोनं मला काही विचारलं नाय. त्या दिवशी नाय, पुढंही नाय. संसार झाला, पोरं झाली, शेटनं ती गाडी भंगारात दिली. पण तापलेल्या इंजिनाचा वास आला की मला मागच्या सीटवर कोणीतरी बसलेलं वाटायचं. म्हातारं, बारीक, तोंड उघडं ठेवून. रिकामी गाडी चालवताना मी मागं वळून बघायचो. घरात धुण्याचा साबण मीच आणायचो आणि मोरीवर ठेवायचो. तिच्या हातात द्यायला हात पुढं होत नसे.

गेल्या वर्षी ती अंथरुणाला लागली तेव्हा मी मुलाला सांगितलं, गंगा आण. खरी. हरिद्वारला जाऊन आलेल्या ओळखीच्या माणसाकडून त्यानं बंद गडू आणला. डाग मी स्वतः तपासला, तिच्यासमोर फोडला. पळी ओठाला लावली तर तिनं ओठ मिटले.

"ते नको," म्हणाली. "आयेला दिलंत ते द्या."

मुलाला काही कळलं नाय. मला कळलं. मी त्याला म्हटलं, काळूवर जा, तांब्या भरून आण, विचारू नको. तो गेला. ती डोळे मिटून पडली होती. मी म्हटलं, "तुला ठाव होतं?" तिचा हात माझ्या हातात होता, तो तिनं दाबला की आपोआप आवळला, ते मला सांगता येत नाय.

पाणी आलं तेव्हा श्वास होता, पण गिळवत नव्हतं. पळीतलं पाणी ओठाच्या कडेनं वाहून उशीत गेलं.

तिनं मला माफ करून सोडलं, की आईला फसवून पाजलेलंच पाणी मागून मला धरून ठेवलं? रोज दुपारी ऊन तापलं की मी हेच उलटंपालटं करतो. फळीवर दोन्ही ठेवलेत, फोडलेला गडू आणि काळूच्या पाण्याचा तांब्या. मुलगा परवा म्हणाला, "बाबा, तुमच्या वेळेला यातलं कुठलं?" मी अजून त्याला सांगितलेलं नाय.