काकांच्या मोटारीचा कच्चा रंग
बुटाच्या पॉलिशचा वास आला की मला सोलापुरातली ती तापलेली दुपार आठवते. मॅट्रिकला एक वर्ष उरलेलं असताना काकांनी माझी शाळा बंद केली, माझी इंग्रजी पुस्तकं बंबात घातली आणि वैरागला माझं लग्न ठरवायला निघाले. वरपक्षावर छाप पडावी म्हणून मोटारीच्या मागच्या, रंग उडालेल्या कातडी गाद्या त्यांनी तांबूस रंगवून घेतल्या; त्या रंगाला थेट बुटाच्या पॉलिशचा वास. रंगारी जाताना मला बजावून गेला, "बेटी, अभी एकच हात हुआ है. हाथकू सूखा लगता, पन पसीने से छूटता. कल ऊपर से लाख का रोगन मारतूं, तब तक कोई बैठना नै. चाचाकू बोल देना." तासाभरात काका पांढरंशुभ्र धोतर नेसून मोटारीकडे निघाले. मला बंबातली राख दिसत होती. मी तोंड उघडलं नाही. पुढचं ड्रायव्हरने आईला सांगितलं. घामाने भिजलेले काका वैरागला पांढऱ्या बैठकीवर बसले आणि उठले, तेव्हा चादरीवर हा एवढा तांबडा ठसा! "पावनं रंगपंचमी खेळून आलं की!" म्हणत बैठक हसली, आणि काका तिथेच भांडून सोयरीक मोडून आले. रंगाऱ्याला जाब विचारून ते माझ्यावर ओरडले, "तुला माहीत होतं ना?" मी म्हटलं, "हो काका. पण शुभकार्याला निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, असं तुम्हीच सांगता." त्यानंतर वर्षभर स्थळ बघायला जायचं काकांना तोंड राहिलं नाही, आणि तेवढ्यात पुन्हा शाळेत जाऊन मी मॅट्रिक झाले. मुलांनो, त्या धोतराचं मला आजही वाईट वाटत नाही.