दोन बाणांची बंदूक

इंग्रजांच्या ताब्यातल्या बेटावरच्या नुव्हेल फ्रांस गावचा देवराज दुसऱ्या महायुद्धात इजिप्तला जाऊन आला, तो गावाच्या लेखी बंदुकांचा जाणकार होऊनच. खरं म्हणजे तिथल्या लष्करी कोठारात त्यानं चार वर्षं घोंगड्या मोजल्या होत्या. पण लोक येऊन बंदुकांचंच विचारायचे, आणि नाही म्हणणं त्याच्या जिवावर यायचं.

१९५६ साली ही कीर्ती मोस्ये रेनोंच्या, म्हणजे रेनोसाहेबांच्या, कानी गेली. ते उसाच्या मळ्याचे फ्रेंच मालक, जुन्या लष्करी बंदुका जमवणारे. त्यांनी मोटार पाठवली.

"अवो, तुमी जाऊन काय सांगनार?" त्याची बायको गंगा म्हणाली.

"बघू," म्हणत देवराजनं ठेवणीतला कोट चढवला.

मेजावर इंग्रजी फौजेच्या दोन जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुका होत्या, विकायला आलेल्या. देवराजला दोन्ही सारख्याच दिसल्या. मग एकीच्या दस्त्यावर दोन बाण दिसले, टोकाला टोक भिडलेले. एक बाण म्हणजे सरकारी माल, हे त्याला घोंगड्यांवरून ठाऊक होतं. दोन म्हणजे दुप्पट उत्तम! तसं त्यानं ठासून सांगितलं. रेनोंनी तीच घेतली.

महिन्याभरात एका इंग्रज पाहुण्यानं खुलासा केला, की तो शिक्का फौजेनं विकून टाकलेल्या मालावर मारतात. देवराजला पुन्हा बोलावणं आलं.

"मोस्ये, मी तिथं घोंगड्या मोजत होतो."

रेनो इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "मग आता बंदुका मोज," म्हणत त्यांनी मोजपट्टी आणि वही पुढे सरकवली.

पुढची आठ वर्षं देवराज दर रविवारी तिथं जाई. दोन बंदुका शेजारी ठेवून मोजी, शिक्क्यांची चित्रं काढी. मार्टिनीच्या चौथ्या नमुन्याचा काडतूस भरताना ओढायचा खालचा दांडा आधीच्यांपेक्षा लांब असतो, हे पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी पकडलं त्या दिवशी तो जेवणही विसरला.

१९६४ मध्ये सांत्र द फ्लाक गावच्या सुरेंद्र दुकानदारानं त्याच्यापुढे एक फ्रेंच बंदूक ठेवली. देवराजनं ती तासभर न्याहाळली.

"मूळची कागदी काडतुसाची. मागाहून पितळी काडतुसासाठी बदललीय."

"कंच्या साली?"

"मो पा कोने. ठावं नाय मला."

सुरेंद्रचा चेहरा पडला. "मग कुना जानत्यालाच दाखवतो."

परतीच्या बसमध्ये देवराज एकटाच इतका हसत बसला, की कंडक्टरनं त्याचं तिकीट दोनदा तपासलं.