काळ्या बॉनेटवरचं कुंकू

नागपूरच्या सदर भागात एका कडुलिंबाखाली चंद्रभान गाड्या चमकवायचा. दुकान म्हणावं तर त्याला भिंत नाही, न म्हणावं तर गिऱ्हाईक सगळं वकील-डॉक्टरांचं. गाडीत मालकाची मिशी दिसली पाहिजे, ही त्याची पैज. धुळीवर कोणी बोटानं रेघ ओढली तर तो दिवसभर करवादायचा. आणि डाग? चंद्रभानच्या हातून न निघालेला डाग अख्ख्या नागपुरात कोणी दाखवावा!

त्याची एकुलती लेक प्रेमिला परकर नेसायची तेव्हापासून त्यानं तिला शब्द दिला होता, "तुले सासरी धाडीन त गाडीतच धाडीन. बॉनेटमधी पाहून कुंकू लावशील तू." शब्द द्यायला काय जातं? घरी तर सायकल, तीही मागचं मडगार्ड नसलेली.

पण लग्न ठरलं आणि जुने गिऱ्हाईक मधुकरराव आपणहून म्हणाले, "माझी काळी ॲम्बेसेडर ने. तुझ्याच हातची आहे." चंद्रभानला भरून आलं. आता लेक दिमाखात निघणार, यातच त्याचा जीव अडकला.

गाडी महाल भागातल्या त्याच्या घराच्या दारी आली ती नेमकी लग्नाच्या दुपारी. वैशाखातलं नागपूर! पत्रा असा तापलेला की पॉलिश लावलं की घासायच्या आत सुकायचं, फडकं जागीच चिकटायचं. रीत अशी की आधी पॉलिशनं घासायचं, ते पुसायचं, मग वरून चकाकीचं पातळ ग्लेझ द्यायचं. दोन वेगळी कामं. ही रीत मोडणाऱ्यांना चंद्रभाननं आजवर आळशी म्हणून हिणवलं होतं. आज मात्र बायको, गोपिका, दारातून ओरडत होती, "पाहुणे पंगतीले बसून राहिले, अन् तुम्ही गाडी घासून राहिले! काहून असं करता?"

मग त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि डब्याच्या झाकणात पॉलिश अन् ग्लेझ एकत्र कालवलं. काय सांगावं! फडकं तुपावरून फिरल्यासारखं फिरू लागलं. एवढी वर्षं आपण उगाच मनगटं झिजवली, असं त्याला वाटलं. चमक आणखी खुलावी म्हणून त्यानं ग्लेझची बाटली उपडी केली. संध्याकाळी गाडीत आख्खा मांडव दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवणी. नवऱ्याची आत्या यमुताई, मोठ्या मानाची बाई, ओलं कुंकू घेऊन बॉनेटवर स्वस्तिक काढायला पुढं झाली. पहिली रेघ ओढली, तिचे थेंब झाले. दुसरी ओढली, ती घरंगळत खाली गेली. तिसऱ्यांदा तर सगळंच कुंकू नंबराच्या पाटीवर जाऊन बसलं.

यमुताईनं हात झटकला. "कुंकू ठरून नाही राहिलं. या गाडीत सून नाही बसत. रिक्षा बोलवा."

गाडीला दोष नव्हता, दोष कालवणात होता; ग्लेझ इतकं की वर ओलं काही ठरेना. पण हे यमुताईला सांगायचं कोणी? लेकीची गाडी आपणच घालवली, या विचारानं चंद्रभानला रडूच यायला झालं.

तेवढ्यात मुंडावळ्या सावरत प्रेमिला बापाजवळ आली. फडकी धूत मोठी झालेली पोर ती. तिनं हळूच विचारलं, "बाबा, ग्लेझ कालवलं का जी?"

त्यानं मान हलवली.

"मंग राख आणा."

राख! गाडीवर! राखेनं गाडी पुसणाऱ्या ड्रायव्हरला त्यानं एकदा भर रस्त्यात हाकलून दिलं होतं. पण चंद्रभान उठला, भांडी घासायच्या जागेवरून ओली राख ओंजळीत घेऊन आला आणि त्या आरशासारख्या बॉनेटच्या मधोमध घासू लागला. प्रत्येक हातासरशी त्याच्या काळजाला ओरखडा पडत होता. थाळीएवढी जागा भुरकट झाली तेव्हा तो थांबला.

यमुताईनं पुन्हा बोट टेकवलं. स्वस्तिक बसलं, ठसठशीत. म्हातारी खुलली. "आता कसं! बस वं सूनबाई." प्रेमिला वाकली, भुरकट जागेच्या शेजारी आपलं तोंड पाहिलं, कुंकू नीट केलं आणि गाडीत बसली.

गाडी परत करताना चंद्रभान हात जोडून उभा राहिला. मधुकररावांनी तो भुरकट डाग पाहिला, त्यावर वाळलेलं लाल स्वस्तिक पाहिलं आणि म्हणाले, "सवडीनं काढ."

ती सवड काही आली नाही. दर महिन्याला ॲम्बेसेडर कडुलिंबाखाली यायची, चंद्रभान ती टोकापासून टोकापर्यंत चमकवायचा, आणि बॉनेटच्या मधोमध आला की फडकं वळवून कडेकडेनं न्यायचा. दिवाळीला माहेरी आलेली प्रेमिला डबा घेऊन सदरला गेली, तर गाडी समोरच उभी. ती हसायला लागली. "बाबा, अजून नाही पुसलं हे?"

चंद्रभाननं मान खाली घालून फडकं पिळलं.

"निघतच नाही वं," तो म्हणाला.